गायिका आपलं काम चोख करते

पेपरात बँडबद्दल छापून आलं त्या दिवशी छोटी सकाळपासून हवेत होती. छोटी हे तिचं माहेरचं लाडाचं नाव. चाळिशी ओलांडली, कानामागचे केस पांढरे झाले, तरी ते नाव काही मोठं झालं नव्हतं. ती पियानो वाजवायची. नवरा दिवसा सोफ्यांना नवं कापड चढवायचा आणि संध्याकाळी बेस गिटार वाजवायचा. त्याच्याच कारखान्यात, फोमच्या चळती आणि उघडेवाघडे सोफ्यांचे सांगाडे यांच्या मधोमध, बँडची तालीम चालायची. फोममुळे आवाज बाहेर फारसा जात नसे, म्हणून शेजारपाजारचे अजून बोलत तरी होते. ड्रमवर मास्तर. गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि संध्याकाळी तो सगळा जीव ड्रमवर मोकळा करायचा, असा त्यांचा दिनक्रम.

आणि गायला ताई. छोटीची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचे फोन घ्यायची. आठवडाभर लोकांचं ऐकून घ्यायचं, आणि मग इथे येऊन माइकसमोर उभं राहायचं. ब्लूजचं रडगाणं आणि पॉपचा ठेका यांची त्यांनी जी काही भेसळ केली होती, ती मुळात ताईच्याच गळ्यातून सुरू झाली होती. गेल्या वर्षी त्यांनी पदरमोड करून आठ गाण्यांची एक रेकॉर्ड काढली. ती कुणी ऐकेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं. ऐकली ती थेट पेपरातल्या समीक्षकाने.

तालमीच्या आधी मास्तरांनी पेपर सोफ्याच्या सांगाड्यावर पसरला.

"वाचा कुणीतरी मोठ्याने. माझा चष्मा गाडीत राहिलाय."

"दे, मी वाचते," ताई म्हणाली, आणि फोनवरच्या त्या गुळगुळीत आवाजात वाचायला लागली. "'या बँडला कुठल्या कप्प्यात टाकावं हे कळत नाही आणि हीच त्याची थोरवी. ब्लूज आणि पॉप इथे एकमेकांच्या घरात न विचारता शिरतात. पियानो हा या बँडचा कणा आहे, श्वास आहे आणि जखमही आहे. 'लाइनवर थांबा' या गाण्यात डाव्या हाताचा तो फिरून फिरून येणारा तुकडा ऐकताना अंगावर काटा येतो.' वा! छोटे, काटा येतो म्हणे."

मग छोटीच्या डाव्या हाताबद्दल आणखी बरंच होतं. नवऱ्याच्या बेसला 'भक्कम' आणि मास्तरांच्या ड्रमला 'खोडकर' म्हटलं होतं. मास्तर लाजले. अगदी शेवटी, रेकॉर्ड कुठे मिळेल त्याच्या वरच्या ओळीत, एक वाक्य होतं. ताईने तेही त्याच आवाजात वाचलं.

"'गायिका आपलं काम चोख करते.'"

मग ताईने पेपराची नीट घडी घातली आणि म्हणाली, "चला, कामाला लागू."

त्या दिवसापासून ताईने खरोखरच काम चोख करायला सुरुवात केली. वेळेवर यायची. पर्स खुंटीला लावायची. सूर बरोबर, ताल बरोबर, शब्द स्वच्छ. पूर्वी ती एखादी ओळ अशी ओढायची की मास्तरांना काड्या हवेत धरून वाट बघावी लागायची. मध्येच हसायची, एखाद्या फोनवाल्याची नक्कल गाण्यात घुसडायची. आता त्यातलं काही नाही. गाणं संपलं की पाण्याचा घोट, पर्स, "येते." छोटीला बोट ठेवायला जागाच मिळेना. चुकत असती तर बोलता आलं असतं. बरोबर गाणाऱ्या माणसाला काय सांगणार?

"तुझी बहीण मला छळतेय," ती घरी नवऱ्याला म्हणाली.

"काय केलं तिने?"

"काहीच नाही! तेच तर!"

"मग मला कशाला मध्ये घालतेस? काहीच केलं नाही म्हणून मी तिला जाब विचारू का?"

छोटीच्या मनाला आणखी एक गोष्ट कुरतडत होती. ज्या तुकड्याने समीक्षकाच्या अंगावर काटा आला, तो तिचा नव्हताच. कचेरीत फोनवरच्या माणसाला थांबायला लावलं की ताई स्वतःशी गुणगुणायची. तसंच गुणगुणत ती एकदा छोटीच्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. छोटीने ते ऐकलं, हात कोरडे न करताच पियानोवर जाऊन डाव्या हाताने वाजवून पाहिलं, आणि गाणं तिथून उभं राहिलं. घरातल्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाचं काय याचा हिशोब तेव्हा कुणी ठेवला नव्हता.

"मी त्याला कळवते," छोटी ताईला म्हणाली. "तो तुकडा तुमचा आहे, असं."

"खबरदार," ताई म्हणाली. "मला कुणाची भीक नकोय."

तरी छोटीने कळवलंच. समीक्षक रेडिओवर एक कार्यक्रम करायचा, त्यात त्याने तिला एकटीलाच बोलावलं. माणूस सज्जन होता, उंच, थोडा वाकलेला, बोलताना डोळे मिटणारा. छोटीने आल्या आल्या सांगून टाकलं, "ते तुम्ही लिहिलंत ना, डाव्या हाताचा तुकडा, तो माझ्या नणंदेचा आहे. गायिका आहे ना आमची, तिचा. मी फक्त वाजवला."

समीक्षकाने डोळे मिटले. "श्रोतेहो, ऐकलंत? किती हा विनय! आपल्या निर्मितीचं श्रेय घरच्या माणसांना देऊन टाकायचं!"

"अहो विनय नाही, खरंच तिचा आहे."

"कलाकार जितका मोठा, तितका तो स्वतःला पुसत जातो," समीक्षक म्हणाला, आणि त्याने गाणं लावलं.

पुढच्या आठवड्यात पेपरात छोटीच्या विनयावर वेगळा मजकूर आला. कारखान्यात आलेल्या एका गिऱ्हाइकाने सोफा दाखवता दाखवता तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. छोटीला तो पेपर चुरगाळून गिळावासा वाटला. ताईने तो वाचला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. ती वेळेवर आली, चोख गायली आणि गेली.

मग मोठ्या नाट्यगृहातून आमंत्रण आलं. आयोजक बाई फोनवर मधासारखं बोलत होत्या. पोस्टरवर छोटीचा एकटीचा फोटो, खाली 'कणा, श्वास आणि जखम.'

"बाकीच्यांचे फोटो?" छोटीने विचारलं.

"ते येतीलच ना साथीला," बाई म्हणाल्या.

छोटीने भांडून चौघांचा फोटो घ्यायला लावला. पोस्टर आलं तेव्हा चौघे होते खरे, पण पियानो एवढा मोठा आणि पुढे की मागे तिघे दुकान उघडायची वाट बघत उभे असल्यासारखे दिसत होते. मास्तर म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. माझा निदान चष्मा तरी आलाय." नवऱ्याने पोस्टरची गुंडाळी करून फोमच्या चळतीमागे टाकली. ताईने ते पाहिलंच नाही, किंवा पाहिलं नाही असं दाखवलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं. समीक्षक दुसऱ्या रांगेत, डोळे आधीच मिटलेले. पहिली दोन गाणी झाली. टाळ्या पडल्या. तिसरं 'लाइनवर थांबा.' छोटीने मनाशी ठरवलं होतं, पण कुणाला सांगितलं नव्हतं. तुकड्याची जागा आली आणि तिने डावा हात मांडीवर ठेवला. ताईकडे पाहिलं, मानेने खूण केली. आता तुम्ही गुणगुणा. तुमचं आहे, तुमच्या तोंडून लोकांना ऐकू द्या.

ताईने तिच्याकडे पाहिलं. तिला खूण कळली होती, यात शंकाच नाही. तिने ओठ मिटलेलेच ठेवले.

रिकामी जागा लांबत गेली. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. शेवटी नवऱ्याने बेसवर कसाबसा तो तुकडा धरला, मास्तरांनी त्याला सावरलं आणि गाणं पुढे सरकलं. ताई पुढच्या कडव्याला अगदी बरोबर जागेवर आली. कार्यक्रम संपल्यावर तिने पर्स उचलली आणि मागच्या दाराने निघून गेली. "येते"सुद्धा म्हणाली नाही.

पेपरात काय आलं ते सांगायलाच नको. 'त्या मौनाचं धाडस' अशी सुरुवात होती. छोटीने पुढचं वाचलं नाही. सरळ ताईच्या घरी गेली.

ताईने दार उघडलं ते बाह्या वर खोचूनच. फ्रीजमध्ये साचलेला बर्फ वितळवायला काढला होता. खाली परात, फडकी, सगळं सामान ओट्यावर. "ये," म्हणाली आणि पुन्हा खाली बसून बर्फाचे तुकडे सोडवायला लागली. छोटीही शेजारी बसली.

"गुणगुणला का नाहीत?"

"मला विचारलं होतंस?"

"कसं विचारणार? महिनाभर तुम्ही येते-जातेच्या पलीकडे बोलला आहात का माझ्याशी?"

"म्हणून भरल्या नाट्यगृहात दान द्यायला निघालीस. सगळ्यांसमोर मी ओंजळ पुढे करायची."

"दान कसलं? तुमचंच होतं ते!"

"अगं, तो तुकडा घाल चुलीत!" ताईने हातातला बर्फ परातीत आपटला. "तुझा म्हटला काय, माझा म्हटला काय, मला त्याचं काय पडलंय? इतकी वर्षं पडलं होतं का?"

"मग कशाचा राग आहे? त्या एका ओळीचा? त्याला गाण्यातलं काय कळतं, ताई!"

"त्याला कळतं. तेच तर दुखतंय." ताईने फडकं पिळलं. "रेकॉर्डिंगच्या दिवशी मी सकाळपासून फोन घेऊन आले होते. पाण्याची कुठलीतरी मोठी लाइन फुटली होती, अख्खं शहर माझ्या कानात ओरडत होतं. गळ्यात काही उरलंच नव्हतं. मी सूर लावला, शब्द म्हटले आणि मोकळी झाले. मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं."

छोटीने एक फडकं उचलून फ्रीजखाली सरकवलं.

"मी तुला विचारलं, 'परत घेऊ या का?' आठवतंय? आणि तू म्हणालीस, 'छान झालंय, ताई, अगदी छान.' त्या पेपरवाल्याने ऐकलं तेवढंच लिहिलं. खोटी स्तुती त्याने नाही केली माझी. ती तू केलीस."

छोटीला ती दुपार आठवली. तिला स्वतःचा पियानो फार आवडला होता. तो पुन्हा तसा येईल की नाही या भीतीने तिला ते गाणं परत घ्यायचं नव्हतं. एवढंच कारण होतं. ते तिने सांगितलं असतं, तर बरं झालं असतं की वाईट, कोण जाणे. तिने सांगितलं नाही. ताईला ते न सांगताही कळलं असावं.

"आपण परत रेकॉर्ड करू," ती म्हणाली.

"कशाला? लोकांनी ऐकलं ते ऐकलं. आता गाणं तेच. जन्मभर तेच." ताईने परात तिच्याकडे सरकवली. "हे पाणी मोरीत ओतून ये."

छोटीने ओतलं. परत आली, रिकामी परात फ्रीजखाली सरकवली, आणि दोघींनी मिळून उरलेला बर्फ काढला. माफी वगैरे कुणी मागितली नाही.

पुढच्या तालमीला ताई आली. उशिरा आली, आणि पर्स खुंटीला न लावता सोफ्याच्या सांगाड्यात फेकली. नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला, पण तो जरा लवकरच टाकला. कारण ताईने पहिली अट घातली की 'लाइनवर थांबा' यापुढे गायचं नाही. आता जो तो आयोजक तेच गाणं मागायचा. "तेच तर ऐकायला लोक येतात," म्हणायचा. छोटी प्रत्येकाला नाही म्हणायची, आणि दर नकार तिला जड जायचा, कारण तसं वाजवणं तिला पुन्हा साधलं नव्हतं. दोन ठिकाणची आमंत्रणं यापायी गेली. मास्तर कुरकुरले, "आयुष्यात एकदा नशीब दार ठोठावतं आणि आपण आतून कडी लावतो."

नवी गाणी बसवायला घेतली, पण ती पुढे सरकेनात. छोटीने आता मनाशी पक्कं केलं होतं की जे फसेल ते फसलंय असं तोंडावर म्हणायचं. पहिल्याच दिवशी दुसऱ्या ओळीला ती थांबली.

"ताई, हे नाही जमलं. नुसतं बरोबर आहे."

ताईचा चेहरा लाल झाला. तिने पुन्हा गायलं. पुन्हा नाही जमलं. तिसऱ्यांदा तिने ओळ अशी ओढली की मास्तरांच्या काड्या हवेत राहिल्या. छोटीचे हात मात्र पियानोवर धावतच राहिले आणि दोघींची टक्कर झाली.

"थांब," ताई म्हणाली. "तुझा डावा हात फार बडबडतोय. त्या पेपरवाल्याने डोक्यावर चढवून ठेवलाय त्याला."

छोटीच्या तोंडाशी चार शब्द आले. नवरा बेसच्या तारेशी उगाच खेळत खाली बघत होता. राग तर असा आला होता की पियानोचं झाकण आपटून घरी जावं. पण ताईचं बरोबर होतं, आणि याचाच सगळ्यात जास्त राग येत होता.

"कुठून घ्यायचं?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून," ताई म्हणाली.