गप्प बसल्याची नोंद

टाचणीचं डोकं फिरलं ते साहेबांच्या पहिल्या वाक्याला नाही, दुसऱ्या वाक्याला. पहिलं होतं, "विषय आपल्या टाचणीच्या अदलाबदलीचा." आणि दुसरं, "टाचणी, तू लिहून घे."

कारखान्याच्या महिला बास्केटबॉल संघात ती नऊ वर्षं खेळत होती आणि त्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होती. अक्षर सुबक, म्हणून क्रीडा समितीच्या सभेची वही कायम तिच्या गळ्यात. मी बाहेर जाऊ का, असं तिनं विचारून पाहिलं. "बस गं, तू तर घरचीच," साहेब म्हणाले. घरच्या माणसाचा भाव त्याच्या तोंडावर करायला कुणाचीच जीभ अडखळत नाही, हे तिला त्या दुपारी कळलं.

मालकांचा दुसरा कारखाना आठ तासांवर होता. तिथल्या संघातली एक ताडमाड पोरगी इकडे हवी होती, बदल्यात टाचणी तिकडे. म्हणजे नोकरी तिकडे आणि मुक्काम वसतिगृहात. नवरा इथे बॉयलरवर, लेक दुसरीत. हे काही विषयपत्रिकेत नव्हतं.

भांडारप्रमुखांनी घडी घातलेला कागद काढला. गेल्या पाच सामन्यांत टाचणीनं जिला अडवायचं, त्या प्रत्येकीनं सरासरी अठरा गुण केले होते. पाय जड झालेत, ते म्हणाले, जिला धरायचं तिला सोडून ही भलतीकडेच पळत सुटते. "डिफेन्स कसला, उघडं फाटक आहे." हजेरी कारकुनाला वेगळीच चिंता होती. असल्या मालावर ती उंच पोरगी कोण देतंय? वर एखादी राखीव खेळाडू टाकावी लागेल. साहेब उदार झाले. दोन गेल्या तरी चालतील, म्हणाले.

टाचणी लिहीत होती. पेन इतका दाबून, की मागच्या तीन पानांवर अक्षरं उमटली.

खरं काय ते त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि मामांना. मामा म्हणजे संघाचे प्रशिक्षक. सगळा संघच त्यांना मामा म्हणायचा, पण ते टाचणीच्या आईचे सख्खे धाकटे भाऊ. टाचणी हे नावही त्यांनीच ठेवलेलं, कारण एकदा समोरचीला लागली की ही निघता निघत नाही. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी तिला जिन्यात गाठलं होतं. कप्तानचा गुडघा कामातून गेलाय, तिची बाजू तू सांभाळ, तुझ्या वाट्याची समोरची बाई सुटली तर सुटू दे. कप्तानची नोकरी कच्ची होती, संघातून गेली की कारखान्यातूनही गेली. म्हणून कुठे बोलू नकोस, असं बजावलं होतं. टाचणी बोलली नाही. दोघींना अडवत धावली आणि अठरा अठरा गुण मुकाट आपल्या नावावर चढू दिले.

आता ती मामांकडे बघत होती. मामा चष्मा पुसत होते. एवढा पुसला तर काच झिजेल, असं तिच्या मनात आलं. त्या चष्म्यासकट त्यांना गदागदा हलवावं, असंही आलं.

सभेचं लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय सह्या होत नसत. एरवी ती 'साधकबाधक चर्चा झाली' एवढ्यावर भागवायची. आज उभी राहून तिनं सगळं वाचलं. भांडारप्रमुख म्हणाले, उघडं फाटक. हजेरी कारकून म्हणाले, असल्या मालावर. एकेकाची मान खाली जाऊ लागली.

"असं लिहितात का? गाळून टाक ते," साहेब म्हणाले.

"काय गाळू साहेब? बोललेलं, की बोलणाऱ्याचं नाव?"

मग तिनं शेवटचं वाक्य वाचलं, "प्रशिक्षक शेवटपर्यंत गप्प बसले. ते खेळाडूचे सख्खे मामा आहेत."

मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तेवढं खोड, बाळा."

"खोडते. त्या जागी काय लिहू ते सांगा."

मग मामा टेबलाकडे बघत म्हणाले, "लिही. तिची बाई सोडायला तिला मीच सांगितलं." तिला एवढंच हवं होतं. पण एकदा तोंड उघडल्यावर मामांना थांबता येईना. गुडघाही आला, जिनाही आला.

खोलीत हायसं वाटल्यासारखं झालं. भांडारप्रमुखांनी कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर कप्तानचं नाव लिहिलं. मग तिलाच देऊ, ते म्हणाले, तिकडे गुडघ्याचं कुणाला माहितीय? दोन महिने तरी ओढेल. नाव मोठं आहे, उंच पोरगी सरळ मिळेल. टाचणी मग राहील इथेच. साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिला बक्षीस दिलं.

तिचा उतरू लागलेला राग पुन्हा टाळूपर्यंत चढला. मामांनी चष्मा परत काढला होता.

टाचणीनं पेनाला टोपण लावलं आणि पेनासकट वही साहेबांपुढे सरकवली.

"हे मी लिहिणार नाही. तुमच्या अक्षरात लिहा, कोण काय म्हणालं ते नावासकट. आणि मोठ्यानं वाचा. मी ऐकायला बसते."

ती खरंच बसली, हाताची घडी घालून, वाट अडवून बसावं तशी. साहेबांनी टोपण काढलं. तारीख लिहिली. तारखेच्या पुढे पेन काही सरकेना.