वाढीव तार

कुंपणाची तार पुन्हा तुटली आणि आर्नग्रीमचं डोकं फिरलं. त्याच्या आणि शेजारच्या केटिलच्या कुरणांमध्ये एक खोलगट पट्टा होता, त्यातून ती आडवी जायची. तार तुटली की केटिलच्या मेंढ्या येऊन त्याचं गवत फस्त करायच्या, तेव्हा कापणारा कोण हे आर्नग्रीमच्या मते उघडच होतं.

सप्टेंबरात सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या. दगडी कोंडवाड्यात अख्खी पंचक्रोशी कानांवरच्या खुणा बघून आपापली मेंढरं ओढत होती. गाणी चालली होती, बाटली फिरत होती. तिथे आर्नग्रीम सगळ्यांदेखत ओरडला, "केटिल, कान कसले बघतोस? तार कापायची पक्कड कुठे लपवलीस ते सांग!"

पोरवयापासून दोघं एकाच खोपीत झोपून डोंगरात मेंढरं हुडकत आले होते. केटिलने हातातली मेंढी सोडली आणि तो घरी निघून गेला. त्या दिवसापासून लोक त्याच्याशी तुटक वागू लागले. आर्नग्रीमला तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगा.

डिसेंबरात जमीन सारखी हादरायला लागली. त्या हादऱ्यांच्या मोजणीसाठी राजधानीहून आलेली सोल्वेग त्याच्या स्वयंपाकघरात शिरली ती घाईतच.

"तुमचा मेंढवाडा त्या खोलगटात आहे. आजच रिकामा करा. तो पट्टा खचतोय."

"पोरी, भूकंप आम्हाला नवीन नाहीत. भांडी पडतात, आम्ही पुन्हा मांडतो."

चुलीवर दूध तापत होतं. सोल्वेगने त्याकडे बोट केलं. "ही साय बघा, कशी फाटतेय. जमिनीचं कवचही असंच तुकड्यांचं आहे, आणि त्याखालचा तापलेला खडक हळूहळू सरकत असतो. केटिलचं घर युरोपच्या तुकड्यावर आहे, तुमचं अमेरिकेच्या."

"तरीच ह्याचं कुणाशी पटत नाही," आर्नग्रीमची बायको हाल्ला म्हणाली. "अमेरिकन निघाला!"

"दोन्ही तुकडे वर्षाला नखं वाढतात तेवढेच लांब जातात," सोल्वेग म्हणाली. "पण इथे कैक वर्षं ताण साठतो, आधी थोडाथोडा आणि मग एकदम सुटतो. मधली जमीन खाली बसते, फटीत खालून वितळलेला खडक भरतो."

"कुणी बघितलंय हे?"

"समुद्राच्या तळाशी हीच फट पार दक्षिणेपर्यंत गेलीय. फटीपाशी खडक नवा, दोन्ही बाजूंना लांब जावं तसतसा जुना. आणि एवढं लांब कशाला जायचं? तार जोडताना तुम्ही मध्ये नवा तुकडा घालता ना?"

"घालावाच लागतो. कितीही ओढली तरी टोकं जुळत नाहीत."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"नुसती कापलेली तार ओढल्यावर जुळायला हवी की नाही?"

प्रत्येक वाढीव तुकडा आर्नग्रीमने स्वतःच्या हाताने पिळून बसवला होता. शिव्या देण्याच्या नादात त्या तुकड्यांकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. त्याला इतकी लाज वाटली की हाल्लाकडे बघवेना.

"मेंढ्या कुठे नेणार?" हाल्लाने विचारलं.

बर्फाने रस्ता बंद होता. पक्क्या जमिनीवर, चालत पोचण्याजोगा एकच वाडा होता.

केटिलने दार अर्धवटच उघडलं.

"तार तू कापली नव्हतीस," आर्नग्रीम म्हणाला.

"हे तू मला सांगतोयस?"

"जमीनच फाकत होती रे. आता माझा वाडा खचतोय. मेंढ्या आत आहेत."

केटिल कोट चढवून बाहेर आला. आर्नग्रीमकडे न बघता त्याने आपल्या वाड्याचं दार सताड उघडलं आणि स्वतःची मेंढरं एका बाजूला रेटली.

"मी कोंडवाड्यात सगळ्यांसमोर माफी मागेन. पुढच्या सप्टेंबरात सगळे जमले की..."

"तोवर लोक मला चोरच म्हणणार," केटिल म्हणाला. "जा, मेंढ्या घेऊन ये. हाल्लालाही आण, तिच्यासाठी खाट आहे. तू मात्र माझ्या घरात पाऊल टाकायचं नाहीस."