हरकत असेल तर आत्ताच सांगा

अकरा वर्षं मी या हवेलीत पाहुण्यांना जुन्या सरदाराची झोपायची खोली दाखवते, आणि अकरा वर्षं डेनिस स्पर्लिंग दर मंगळवारी तिथल्या घड्याळांना किल्ली द्यायला येतो. किल्ली देतो, माझ्या थर्मासमधला चहा पितो, हवेबद्दल बोलतो आणि जातो. या उन्हाळ्यात माझा धीर सुटला. चौसष्टाव्या वर्षी बाईनं आणखी किती वाट बघायची? मी सरळ सांगितलं, "महिनाअखेरीला मी बहिणीकडे स्कॉटलंडला चाललेय. कायमची."

"तिकडे वारा फार असतो," डेनिस म्हणाला.

थर्मास त्याच्या डोक्यात घालावासा वाटला मला.

रविवारी प्रार्थनेला आम्ही नेहमीचे नऊजण होतो. तेवढ्यात गारा पडायला लागल्या आणि हवेली बघायला आलेली अख्खी बस बागेतल्या आमच्या इवल्याशा चर्चमध्ये घुसली. फिलिपाबाई, आमच्या व्हिकार म्हणजे पाद्रीबाई, हरखूनच गेल्या. त्यांच्या सहा चर्चमध्ये मिळून एवढी माणसं जमत नाहीत. डेनिस मागे घंटेचा दोर धरून उभा होता, तोंड उकडलेल्या बिटासारखं लाल.

फिलिपाबाईंनी कागद उघडला. "या गावचे डेनिस स्पर्लिंग आणि याच गावच्या हिलरी टॅपर यांचं लग्न ठरलं आहे. लग्नाआधी तीन रविवार हे चर्चमध्ये पुकारायचं असतं, त्यातली ही पहिली वेळ. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा."

हिलरी टॅपर म्हणजे मी!

मला असं हसू फुटलं की बाक हलायला लागलं. कशीबशी उभी राहिले. "माझी आहे."

"अगंबाई!" बसमधली एक बाई किंचाळली.

"तुमची?" फिलिपाबाईंचा चष्मा घसरला. "काय हरकत आहे?"

"मला कुणी विचारलेलंच नाही."

सगळ्या माना घंटेकडे वळल्या.

"डेनिस, मेल्या," मी म्हणाले, "आधी मला विचारायचं, मग चर्चला. एवढंही कळत नाही?"

"कळतं गं. पण फिलिपाबाईंना विचारायची भीती नाही वाटली. या नाही म्हणाल्या असत्या, तर घरी जाऊन जेवलो असतो. तू नाही म्हणालीस तर..." त्यानं दोर आवळून धरला. "तर मला घास जाणार नाही, हिलरी."

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. डोळे भरून आले आणि राग आला तो स्वतःचाच, की मी तरी इतकी वर्षं कुठे विचारलं होतं?

"साडेअकराला मला पुढच्या गावात पोचायचंय," फिलिपाबाई म्हणाल्या. "हरकत मागे घेताय का?"

"यानं विचारलं तर घेते."

डेनिस लगेच गुडघ्यावर बसला, पण दोर हातातच. वर घंटा दणाणली. त्याचे ओठ हलताना दिसले, शब्द एकही ऐकू आला नाही. त्यानं नेमकं काय विचारलं ते मला अजून माहीत नाही.

"हो!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "हो रे बाबा, हो! आता तो दोर सोड!"