गळ्यातली दुसरी डबी

आम्हा लिंगायतांत इष्टलिंग गळ्यातून उतरत नाही. लेकरू पाळण्यात असताना बांधतात, अन् माणूस गेला की त्याच्या तळहातावर ठेवून मातीत देतात. मधे काढायचा प्रश्नच येत नाही.

माझ्या मृत्युंजयनं काढलं. लिंगाची चांदीची डबी दोऱ्यासकट पोळपाटावर ठेवली अन् म्हणाला, "आई, यातून माणूस बोलतो. जेवू नको म्हणतो. भाकरीत विष हाय."

"माझ्या भाकरीत? अख्खं रेणापूर जेवून गेलंय माझ्या हातचं."

तो हसला नाही. पूर्वी हसला असता.

इंजिनिअर व्हायला नांदेडला ठेवला होता. तिथल्याच डॉक्टरनं स्किझोफ्रेनिया सांगितला. लातुरात डॉक्टर नाहीत असं नाही, पण लातुरात आम्हाला ओळखतात. काहीतरी खाल्ल्यावर रोज गोळी द्या, म्हणाले. अन् हा खातच नव्हता. फोन केला, तर म्हणाले, असंच चाललं तर भरती करावं लागेल.

आमचे हे, ईश्वरप्पा, रोज दुकानाला जायच्या आधी डबी त्याच्या गळ्यात परत बांधायचे. "बिनलिंगाचा पोरगा माझ्या घरात? मेला की काय हा?" ह्यांची पाठ फिरली की तो काढायचा, अन् ताट भिंतीकडं सरकवायचा. मला रडू आलं नाही. मी ताट उचलायचे, घासायचे.

शिरूर अनंतपाळहून माझी नणंद मल्लम्मा आली. तिनं बघितलंच.

"वहिनी, पोराचा गळा मोकळा? जिवंतपणीच माती दिली का?"

"तुझी जीभ जन्माची मोकळी हाय, तिला कुणी बांधलं का?"

ती पिशवी उचलून आत गेली. पण ताट तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे डबी घेऊन उठले. मी ती ह्यांच्या हातातून घेतली अन् माझ्या गळ्यात, माझ्या डबीशेजारी बांधली.

"उमा! येड लागलं का तुला बी?"

मी पोराकडं बघितलं. "आता ते माझ्यापाशी हाय. काय बोलायचं ते मला बोलंल."

"तुला शिव्या देईल, आई."

"देऊ दे. माझ्यापुढं कोण टिकलंय?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, हुंगला, माझ्यापुढं धरला. "आधी तू."

माझी पूजा व्हायची होती. पूजेआधी मी पाणीसुद्धा घेत नाही. मल्लम्मा बघत होती. मी तुकडा खाल्ला.

मग त्यानं खाल्ला. ह्यांनी तोंड फिरवलं होतं, पण गोळीचं पाकीट अन् पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

आता मी दोन्ही लिंगांची पूजा करते, आधी त्याच्या, मग माझ्या. मल्लम्मानं गावभर सांगितलं असंल. सांगू दे.

जेवायच्या आधी तो रोज विचारतो, "बोललं का काही?"

मी डबी कानाला लावते. "न्हाई बोललं."

मग जेवतो. कधी अर्धी भाकरी, कधी नुसतं ताक.