घरी जाऊन सांगायची पद्धत

आपण फुटबॉलमध्ये का हरतो, हे शोधायला आमच्या क्रीडामंत्र्यांनी एक समिती नेमली होती. समिती मोठमोठ्या देशांत फिरली, तिथल्या स्टेडियमसमोर फोटो काढले, आणि परत येऊन म्हणाली, आपली लोकसंख्याच कमी पडते. अहो, पण मैदानात अकराच उतरवायचे असतात ना? की लाखभर उतरवायचे आहेत? समोरचं बेट तर आमच्याहूनही लहान, आणि ते दर वेळी येऊन आम्हाला बडवून जातं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

मला विचारलं असतं तर मी गल्ल्यावर उभ्या उभ्या सांगितलं असतं. माझं औषधांचं दुकान आहे, आणि माझा नवरा राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक आहे. म्हणजे दिवसभर शाळेत पीटीचा मास्तर आणि शाळा सुटली की राष्ट्राचा. मध्यंतरी एक परदेशी प्रशिक्षक आणला होता. तो वर्षाच्या आत पळाला. जाताना म्हणाला, इथे ज्याला हात लावावा तो कुणाचा तरी भाचा निघतो. मग पद आमच्याकडे आलं, कारण दुसरं कुणी घेईना.

तर आमच्याकडे एक पद्धत आहे. संघातून कुणाला वगळलं की प्रशिक्षकाने त्याच्या घरी जाऊन सांगायचं. नुसतं बाकावर बसवणार असलात तरी जायचं. फोनवर नाही, रस्त्यात गाठून नाही. घरी, सोफ्यावर बसून, आईवडिलांच्या देखत, चहा घेऊन. बाहेरच्या लोकांना हे ऐकून भरून येतं. किती माणुसकी, म्हणतात.

माणुसकी कसली डोंबलाची! या माणुसकीपायी आमचे हे संघ निवडताना खेळ बघतच नाहीत, घर बघतात. ज्याच्या घरी जायची छाती होत नाही तो संघात. ज्याच्या घरची माणसं गरीब गाईसारखी, तो बाहेर. बचावफळीत डावीकडे एक उभा असतो, त्याच्या पायांमधून चेंडू काय, हातगाडी निघून जाईल. पण त्याचे वडील दातांचे डॉक्टर, आणि वर फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष. ह्यांची दाढ तेव्हा अर्धी कोरलेली. उघड्या तोंडाने त्या खुर्चीत आडवं पडून कोण म्हणेल, तुमच्या मुलाला काढलंय? मधल्या फळीतल्या एकाची आई शाळेत मुख्याध्यापिका, म्हणजे ह्यांचीच साहेब. उजवीकडच्याची आजी नुसती रडते, पण अशी रडते की शेजारचे लोक गोळा होतात. असे करत करत अकरा भरतात. भीड भिकेची बहीण म्हणतात ना, आमच्याकडे ती राष्ट्रीय संघ निवडते.

आता गोलकीपरचं सांगते. गोलकीपर माझा सख्खा धाकटा भाऊ. चाळिशीला टेकलेला, जकात कार्यालयात अधिकारी. लोक त्याला खांब म्हणतात. पूर्वी संघाचा आधारस्तंभ म्हणून म्हणायचे, हल्ली जागचा हलत नाही म्हणून म्हणतात. पण तोंडावर कुणी बोलत नाही, कारण आमची आई. माझ्या आईसमोर बोलायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही, माझ्या वडिलांनाही झाली नव्हती.

आणि दुसरा गोलकीपर म्हणजे फ्रिजवाला. गावातले फ्रिज, शाळेतले पाण्याचे कूलर, माझ्या दुकानातलं इन्सुलिनचं कपाट, सगळं तोच दुरुस्त करतो. अंगाने काटकुळा, पण गोलात उभा राहिला की मांजर. सरावात त्याने अडवलेले चेंडू बघून आमचे हे घरी येऊन मला हातवारे करून दाखवायचे आणि माझा एक दिवा त्यात फुटला. पण त्याची आई कपडे शिवणारी, विधवा बाई. बाकावर बसवायचं सांगायला हे गेले की ती म्हणायची, "असू दे हो मास्तर, तुम्ही दमून आलात, पंखा लावू का?" अशा घरी कुणीही दहा वेळा जाईल. हे जातच होते.

मग एक दिवस फ्रिजवाला दुकानात कपाट बघायला आला आणि पाना हातात धरून मला म्हणाला, "काकू, एक सांगू? मला शेजारून बोलावणं आलंय."

शेजारी म्हणजे मोठा देश, ज्याच्या नकाशात आम्ही शाईच्या डागासारखे दिसतो. फ्रिजवाल्याचे आजोबा तिकडचे. तिथल्या एका क्लबने त्याला पाहिलं होतं. ये, म्हणाले, पुढे देशाच्या संघातही घेऊ. अट एकच, आपल्या देशाकडून आजवर अधिकृत सामना खेळलेला नसावा. एकदा खेळलास की ते दार बंद, आणि मग आम्हालाही तू नकोस.

"मग जा की!" मी म्हटलं.

"जाईन. पण बेटाशी सामना आहे ना. काकांनी त्यात खेळवलं तर मी जाणार नाही. मला इथेच खेळायचंय हो. नाही खेळवलं तर महिनाअखेरीला निघतो."

मी ते रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांचा घास हातातच राहिला. निवृत्त व्हायच्या आत एक सामना, फक्त एक, जिंकायचा, हे त्यांचं वेड. आम्ही कधीच जिंकलेलो नाही. बरोबरी झाली होती एकदा, तर शाळांना सुट्टी दिली होती. हे पाणी प्यायले आणि म्हणाले, "ठरलं. खांबाला बसवायचं. मी स्वतः जाऊन सांगतो."

भाऊ आहे हो माझा. लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरले मी. पण मी एक अक्षर बोलले नाही. उद्या कुणी म्हणायला नको की बायकोने दबाव आणला. मी फक्त आठवडाभर बोलणं बंद ठेवलं, आणि चहात साखर टाकायची विसरत राहिले.

रविवारी आम्ही दोघं माझ्या माहेरी गेलो. आईने बैठकीतला दिवा मुद्दाम त्याच्या जुन्या पदकांवर वळवून ठेवला होता. तिला कुठून कळलं विचारू नका, आमच्या देशात शिंक यायच्या आधी लोक रुमाल घेऊन येतात. भाऊ समोर बसला, गुडघ्याला पट्टा बांधून.

"बोला जावईबापू," आई म्हणाली. "काही विशेष?"

हे म्हणाले, "विशेष असं नाही. सामना आलाय."

"हो ना. हा तर झोपतसुद्धा नाही. म्हणतो, शेवटची एकदोन वर्षं राहिलीत, दाजींची मान खाली जाऊ द्यायची नाही."

भावाने मान खाली घातली. ह्यांनी चहा घेतला, बिस्किट घेतलं, पदकं बघितली, पुन्हा चहा घेतला. घसा खाकरला. मी म्हटलं, आता सांगतात.

"मी काय म्हणत होतो," हे म्हणाले, "या वेळी कप्तान यालाच करावं."

करायला गेले काय अन् वर झाले पाय! आईने लगेच आतून पेढ्यांचा डबा आणला, म्हणजे तो आणून ठेवलेलाच होता. परत येताना आठवड्यानंतर पहिल्यांदा मी तोंड उघडलं. म्हटलं, "अहो, काढायला गेला होतात ना?" तर म्हणतात, "तुझ्या आईचे डोळे बघितलेस का?" मला हसू आवरेना, आणि रागही आवरेना. भाऊ राहिला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण फ्रिजवाल्याच्या घरी सांगायला हे त्याच संध्याकाळी गेले, चटकन जाऊन आले, तेव्हा मला त्यांचं तोंड बघवेना.

सामन्याच्या दिवशी आमचं मैदान गच्च भरलं. गच्च म्हणजे आमच्या मानाने. एका बाजूला कुणी शिंकलं तर दुसऱ्या बाजूचा बरं आहे ना विचारतो, एवढंच मैदान. मी आईच्या शेजारी. पुढच्या रांगेत दातांचे डॉक्टर, मुख्याध्यापिका, रडणारी आजी, सगळी निवड समितीच म्हणा ना.

आणि अघटित घडलं. आमच्या एकाने मारलेला चेंडू बाहेर चालला होता, तो बेटाच्या खेळाडूच्या पाठीला लागून आत गेला. एक गोल! आमचा! लोकांना काय करायचं तेच कळेना, सवय कुठे होती? ह्यांनी तर डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. मग सगळे अकरा आपल्या गोलासमोर येऊन उभे राहिले आणि देवाचं नाव घेत वेळ काढू लागले. जवळजवळ निघालीच होती वेळ. तेवढ्यात डॉक्टरांच्या मुलाने बेटाच्या एकाला तंगडी घातली, आणि पंचाने पेनल्टी दिली.

त्या धावपळीत भाऊ पडला होता. उठला तो लंगडत. पाय टेकवत नव्हता. बाकावरून फ्रिजवाला उठून हातमोजे चढवू लागला. पण कप्तान कोण? खांब. त्याने हात हलवून सांगितलं, मी ठीक आहे, मी थांबणार. गोलाच्या दांडीला धरून उभा राहिला.

आमचे हे रेषेपाशी आले. बदली करायची तर हीच वेळ. त्यांनी भावाकडे बघितलं, फ्रिजवाल्याकडे बघितलं, आणि मग वळून सरळ वर बघितलं, माझ्याकडे. अख्खं मैदान वळून माझ्याकडे बघायला लागलं. आईने माझ्या मनगटाला धरलं. हळूच म्हणाली, "घरी जाऊन सांगितलेलं नाही हं त्याला."

माझ्या डोक्यात काय फुटलं देव जाणे. मी मनगट सोडवून उभी राहिले आणि ओरडले, "अहो, माझ्याकडे काय बघताय? पाय मोडलाय त्याचा! काढा त्याला बाहेर!"

एवढंसं मैदान. बेटाच्या माणसांनासुद्धा ऐकू गेलं.

ह्यांनी काढलं. भावाने जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. फ्रिजवाला गोलात गेला, दोन्ही हात एकदा झटकले, आणि बेटाच्या पठ्ठ्याने मारलेला चेंडू उजवीकडे झेप घेऊन असा काही अडवला की मी माझ्या चपलेतून बाहेर आले. जिंकलो! मी नाचत होते, खरंच नाचत होते, या वयात. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्याशिवाय कुणी आवाजच करत नाहीये. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे लोक माझ्या आईकडे बघून ठरवत होते. आईने पर्स उचलली आणि ती निघाली. तिच्या मागून रांगच्या रांग निघाली, शिस्तीत, मयताहून परतावं तशी.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "विजय, पण कोणत्या किमतीवर?" दुकानात येणारा जो तो म्हणे, जिंकलात ते ठीक, पण कप्तानाला असं चारचौघांत? एकीने तर तिची रक्तदाबाची गोळी दुसऱ्या दुकानातून आणायला सुरुवात केली. आमची मॅच झाली की पूर्वी लोक कसे एकत्र बसून पंचाला शिव्या द्यायचे. या वेळी शिव्या द्यायला आम्हीच उरलो.

आठवड्याने दातांचे डॉक्टर आमच्या घरी आले. सोफ्यावर बसले. चहा घेतला. मग म्हणाले, "वहिनी, पडदे फार सुरेख आहेत हो तुमचे." पडदे बारा वर्षांचे. मी समजले. ह्यांनाही समजलं. ते डॉक्टरांना दारापर्यंत पोचवून आले आणि म्हणाले, "दाढ तरी पूर्ण करून घ्यायला हवी होती." हसत म्हणाले, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

नवा प्रशिक्षक माझा भाऊ. पुढचा सामना आम्ही अर्धा डझन गोलांनी हरलो आणि सगळीकडे पुन्हा गुण्यागोविंदाने चहा सुरू झाला. गोलात डॉक्टरांचा दुसरा मुलगा होता. आई माझ्याशी अजून बोलत नाही.

फ्रिजवाल्याचं विचाराल तर शेजारचं दार बंद झालं. त्यांना गोलकीपर नको होता, त्यांच्या देशाचा गोलकीपर हवा होता. आणि इकडे भावाने त्याला बाकावरही ठेवलं नाही. परवा इन्सुलिनचं कपाट पुन्हा गार होईना म्हणून त्याला बोलावलं. तो मागे वाकून तारा तपासत होता. मला राहवलं नाही.

"अरे, तू जिंकून दिलंस! पहिल्यांदा! जा की महासंघात, टेबलावर हात आपट. माझ्या भावाच्या दारात जाऊन ओरड. मी येते हवं तर तुझ्याबरोबर. तुला राग येत नाही का रे?"

तो बाहेर आला. हात पुसले. राग होता, मी पाहिला, कानापर्यंत लाल झाला होता. कपाटाचं दार हळूच लावून घेतलं त्याने.

"येतो ना काकू," तो म्हणाला. "पण जाऊ दे. उद्या परत त्यांच्याच घरचा फ्रिज आहे."