रेक्झिनचा राक्षस आणि त्याच्या आतला कंडक्टर

मी एक जुना राक्षस आहे. घाबरू नका, मित्रांनो. माझ्या पोटात आता फक्त चुरा झालेला फोम आहे आणि माझ्या डाव्या पायात मध्यंतरी उंदरांचे एक मोठे कुटुंब राहून गेले. पण एके काळी मी एका भल्यामोठ्या शहराचा पूल एका लाथेत पाडला होता. तो पूल पुठ्ठ्याचा होता, ही गोष्ट वेगळी.

माझा जन्म गाड्यांच्या सीट शिवण्याच्या दुकानात झाला. दुकान ताईंचे. त्यांना सगळेच ताई म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी माणसेसुद्धा. एके दिवशी एक दिग्दर्शक दुकानात आला. तोवर त्याने फक्त लग्नांचे व्हिडिओ काढले होते, आणि आता त्याला गटारातून वर येऊन शहर उद्ध्वस्त करणाऱ्या राक्षसाचा सिनेमा काढायचा होता.

"ताई, राक्षस शिवाल का?" त्याने विचारले.

ताईंनी चष्म्यावरून पाहिले. "मापं आणलीत का?" त्या म्हणाल्या.

मोडीत निघालेल्या बसच्या सीटमधून माझे मांस निघाले. हिरव्या रेक्झिनची कातडी झाली, टायरच्या ट्यूबचा कणा झाला, आणि पांढरी बादली कापून त्रेचाळीस दात झाले. डोळ्यांच्या जागी ताईंनी स्कूटरचे दोन पिवळे इंडिकेटर बसवले. आतल्या बॅटरीचे बटण दाबले की ते पेटत. पहिल्यांदा पेटले तेव्हा ताई दोन पावले मागे सरल्या आणि हसून म्हणाल्या, "बाळ माझं! काय दिसतंय!" तेव्हापासून माझे नाव बाळ पडले.

मला वाटले, ताईंच्या हाताखाली माझ्याहून लाडके काही नसेल. हा गैरसमज आठवडाभर टिकला.

राक्षसाच्या आत माणूस लागतो, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. तो माणूस म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. तो बसमध्ये कंडक्टर होता. अंगाने इतका उंच की बसच्या छताखाली वर्षानुवर्षे मान वाकवून त्याची मान कायमची पुढे झुकली होती. सगळे त्याला जिराफ म्हणत. त्याला नाटकाचे वेड होते. पण कोणत्याही नायिकेशेजारी उभा राहिला की प्रेक्षक हसत, म्हणून त्याला नेहमी पडद्यामागून घोड्यांच्या टापा वाजवायला लावत. त्याने रजा काढली आणि तो माझ्या पोटात शिरला.

एका बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमध्ये शहर उभारले होते. औषधांच्या खोक्यांचे वाडे, बिस्किटांच्या डब्यांचे कारखाने, काडेपेट्यांच्या मोटारी. त्या शहरातून मी चालू लागलो की लोक थरारून बघत. "काय जबडा आहे! काय शेपूट!" जो तो मला हात लावून बघे. जिराफ मात्र माझ्या गळ्याच्या जाळीतून बघत, धापा टाकत, पुढची इमारत शोधत असे. दृश्य संपल्यावर तो बाहेर आला की बनियन पिळून पाणी काढावे इतका भिजलेला असे. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

कोणी नाही, असे कसे म्हणू? ताई पाहत. रोज पाच वाजता त्या दुकान बंद करून यायच्या. मी वाट बघत असायचो की आता माझी उसवलेली काख दिसेल, फाटलेले बोट दिसेल. पण त्या आधी जिराफाची पाठ पुसत. त्याला लिंबाचे सरबत देत. "हळूहळू पी रे. ठसका लागेल." मग त्याच्या खांद्यावर माझ्या पट्ट्यांनी उठलेले वळ बघत. आणि मग, सगळ्यात शेवटी, सुई काढत.

मित्रांनो, माझ्या रेक्झिनच्या अंगाचा तिळपापड होई. ताईंनी मला सत्तावीस दिवस खपून घडवले होते. भाऊ तर त्यांना आयता मिळाला होता!

पण जळणारा मी एकटा नव्हतो. हे मला पोस्टर आले त्या दिवशी कळले. पोस्टरवर मी होतो, शहराच्या दुप्पट उंच, तोंडात बस धरलेला. खाली सगळ्यांची नावे होती; चहा आणून देणाऱ्या कँटीनवाल्याचेसुद्धा होते. जिराफाचे नव्हते.

"साहेब, माझं नाव राहिलं वाटतं," तो दिग्दर्शकाला म्हणाला.

"राहिलं नाही, काढलं. अरे, नाव टाकलं तर लोकांना कळेल ना, आत माणूस आहे म्हणून! मग घाबरणार कोण?"

जिराफ पुन्हा माझ्या पोटात शिरला. पण संध्याकाळी त्याने ताईंना सांगितले, "तुझ्या बाळाचे दात सगळ्या भिंतींवर झळकतायत. चालतो मी, पडतो मी, गुदमरतो मी, आणि आरती मात्र ह्याची." असे म्हणून त्याने माझ्या गुडघ्यावर एक बुक्की मारली. दुखले नाही. उलट बरे वाटले. त्याच्या पोटात दुखत होते आणि त्याचे कारण मी होतो!

शेवटी राक्षसाच्या मरणाचे दृश्य उरले. शेड दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामी करून द्यायची होती. तोफा धडाडल्या, मी डगमगलो आणि घड्याळाच्या मनोऱ्यासमोर कोसळलो. सगळी शेड हसली. कॅमेरामन हसला, दिवे धरणारे हसले.

"गादी पडल्यासारखं वाटतंय," दिग्दर्शक डोके धरून म्हणाला. "परत!"

दुसऱ्यांदा पडताना माझा एक इंडिकेटर बिघडला आणि मेलेला राक्षस डोळा मिचकावू लागला. मग तर लोक पोट धरून हसले. दिग्दर्शक मात्र एका डब्याच्या कारखान्यावर बसला. "संपलं," तो हळूच म्हणाला. "राक्षस मरतानाच लोक हसले तर सिनेमा बुडाला. दीड वर्ष पाण्यात."

तेव्हा जिराफ माझ्यातून बाहेर आला. घाम पुसायलाही थांबला नाही.

"साहेब, ह्याचे डोळे काढा."

"काय?"

"दिवे काढा. भोकं पाडा. डोक्यातला फोम काढला तर हे डोकं खाली बसेल आणि माझे डोळे बरोबर तिथे येतील. राक्षसाला बघू द्या एकदा. मी बघतो."

ताई नुकत्याच आल्या होत्या. दिग्दर्शकाने त्यांच्याकडे पाहिले. ताईंनी पिशवीतून कात्री काढली, आणि मग ती हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या.

"माझ्या हातचं आहे रे ते," त्या म्हणाल्या. "तेवढे डोळेच तर मला चांगले जमलेत."

"ताई, आजवर घोड्याच्या टापाच वाजवल्या गं मी," जिराफ म्हणाला.

ताईंनी माझे डोळे कापले.

पहिल्यांदा नुसता अंधार झाला. मग माझ्या डोक्यात अंधार राहिला नाही. तिथे दुसऱ्याचे डोळे आले. ओले, तांबारलेले, माणसाचे. माझ्याच चेहऱ्यातून दुसरा कोणी बघत होता! पुन्हा तोफा धडाडल्या. या वेळी तो लगेच पडला नाही. गुडघ्यांवर बसला. मान तशीच झुकलेली. त्याने एकदा त्या खोक्यांच्या शहराकडे पाहिले, जणू इतकी घरे आहेत आणि उभे राहता येईल एवढे उंच एकही नाही. मग त्याने कॅमेऱ्याकडे पाहिले. मग हळूच कुशीवर झाला, जवळची काडेपेटीची मोटार चिरडू नये म्हणून हात जरा बाजूला घेत.

कोणी हसले नाही. दिग्दर्शक 'कट' म्हणायला विसरला.

सिनेमा एकाच थिएटरात लागला. मला दाराशी लाकडी फळीवर उभे केले होते, म्हणून मला सगळे ऐकू येई. पुठ्ठ्याच्या इमारती पडल्या की आत हशा पिकायचा. पण शेवटी सगळे चिडीचूप व्हायचे. एके दुपारी एक चिमुरडी मोठ्याने रडली, "आई, त्याला मारू नका म्हण ना!" बाहेर येताना लोक माझ्याजवळ थांबत, माझ्या दोन भोकांत डोकावत आणि निराश होऊन म्हणत, "ह्यात ते डोळे नाहीत." मग ते विचारत, आत कोण होतं? आठवड्याभरात दिग्दर्शकाला जिराफाचे नाव पडद्यावर घालावे लागले.

माझे दात त्रेचाळीस होते. एकाही माणसाने त्यांची चौकशी केली नाही.

पुढे जिराफाला उघड्या चेहऱ्याने कामे मिळणार, असे दुकानात ऐकू येऊ लागले. मला मागच्या खोलीत खुंटीला टांगले. ताई गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, "माझा भाऊ सिनेमात आहे." मी भिंतीपलीकडून ऐके आणि कणाकणाने झडे. खोटे कशाला सांगू, त्याचे वाईट व्हावे असे मला वाटे. तो बसमध्ये परत रुजू झाल्याचे कळले, त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

वर्षे गेली. रेक्झिनला भेगा पडल्या. ताईंचे हात कापू लागले आणि दुकान अर्धे बंद झाले. मग एका सकाळी जिराफ आला. केस पांढरे, नोकरीतून निवृत्त. त्याने मला खुंटीवरून काढले आणि अंगणात नेऊन झटकले. ताईंना सुईत दोरा ओवता येईना. त्याने ओवला. दोघे माझी काख शिवू लागले. तो टाके वाकडे घालत होता आणि ताई ओरडत होत्या.

"एक सांगू ताई?" तो मध्येच म्हणाला. "दोनदा बोलावलं होतं मला. एकदा रखवालदार, एकदा मास्तर. दोन्ही वेळा उघड्या चेहऱ्याने उभा राहिलो आणि लाकूड झालो. लोक बघतायत म्हटलं की डोळेच मिटायचे. तसं बघणं मला ह्याच्या आतच जमलं."

"मग मला इतकी वर्षं का नाही बोललास?"

"राग यायचा ह्याचा. बसमध्ये कोणी ओळखलं तर पहिला प्रश्न हाच, 'तो राक्षस कुठे असतो हो हल्ली?' मी समोर तिकीट फाडतोय, आणि ह्यांना हवा बाळ!"

ताई इतक्या हसल्या की सुई हातातून पडली. मला आधी आनंद झाला, अगदी खुनशी आनंद. मग मला त्याची वाकलेली मान दिसली, वाकडे टाके घालताना आणखी वाकलेली, आणि माझी मला लाज वाटली. वीस वर्षे आम्ही एकमेकांवर जळत होतो. शिवणारी मात्र दोघांना टाके घालत आली होती.

मित्रांनो, मत्सर पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. आजही ताई त्याच्या खोकल्याची चौकशी आधी करतात आणि मला ते खुपते. पण तुम्हाला एक विनंती करतो. जुन्या वस्तू खुंटीला विसरू नका. त्यांना ऊन दाखवा, टाका घाला. आणि एखादी गोष्ट फार आवडली, तर तिच्या आत कोण घामाघूम झाले आणि ती कोणी शिवली, हे विचारा. नाव विचारायला काही लागत नाही. न विचारलेले नाव मात्र माणसाला आतून कुरतडते, उंदरांपेक्षाही जास्त.

हल्ली दर रविवारी जिराफ मला अंगणातल्या दोरीवर वाळत घालतो आणि शेजारी खुर्ची टाकून बसतो. येणारेजाणारे थबकतात, हसतात, माझ्या जबड्यात हात घालून बघतात. तो त्यांना माझे दात मोजून दाखवतो. ऊन चढले की आतून ताईंची हाक येते, "पुरे झालं! दोघंही सावलीत या बघू."