शतावरीचा उतार

सारजाबाईला शिकलेल्या माणसांची लई कीव यायची, आणि ती मनात ठेवायची तिला सवय नव्हती.

करमाडच्या पलीकडं, वाडीच्या गायरानात तिची साठ मेंढरं चरायची. गायरानाच्या मागच्या अंगाला एक काटेरी उतार होता, तिथं शतावरी यायची. दिवाळीनंतर मेंढ्या व्यायला लागल्या आणि एखादीला पान्हा फुटला नाय, की सारजाबाई त्या उतारावर जायची. वेलाच्या निम्म्याच मुळ्या काढायची, वरनं माती लोटायची, मुळ्या ठेचून मेंढीला चारायची, आणि कोकरू जगायचं. ही जागा बाहेरच्याला सांगायची नाय, अशी सासूनं तिला बिरोबाची आण घातली होती. चाळीस वर्षं तिनं सख्ख्या भावालाही सांगितली नाय.

श्रावणात सरपंच बद्रीनाथनं तिला पंचायतीत बोलावलं. शहरातनं ऋतुराज नावाचा पोरगा आला होता. गावातली झाडं, पाखरं, जनावरं एका वहीत नोंदवायची आणि त्यावरनं तालुक्याचा आराखडा करायचा, तोही लोकसहभागातनं. लोकसहभाग म्हंजे काय, तर चहा, दोन बिस्किटं आणि तयार वहीखाली अंगठा.

"काकू, अंगठा करा की. तुमी ह्या वहीच्या कमिटीत हाव," बद्रीनाथ म्हणाला.

"मी? कवापासनं?"

"झालं की आता वर्ष."

"आगं बया! आन मलाच पत्ता नाय! वाच रं पोरा, काय लिवलंस ते."

ऋतुराजनं वाचलं. काजू, नारळ, तिवरं, खाडीतले खेकडे. कोकणातल्या कुठल्या तरी गावाची वही उचलून त्यानं वरचं नाव तेवढं बदललं होतं.

"उन्हाळ्यात माझ्या मेंढरांना हंडाभर पाणी मिळंना, आन तू खेकडं पाळतोस व्हय हितं?"

पंचायत खदखदून हसली. पोरगा कानापर्यंत लाल झाला. "आजी, तो नमुना आहे फक्त. नंतर दुरुस्त करणारच होतो."

"कर मंग. ऊठ, चल माळावर."

दिवसभर तिनं त्याला माळ तुडवायला लावला. त्याला हिवर आणि बाभूळ यातला फरक कळत नव्हता. पवन्या, मारवेल, कुसळी, त्याच्या लेखी सगळं गवतच. मोज्यात कुसळं शिरली तसा तो एका पायावर नाचायला लागला, आणि सारजाबाई पदर तोंडाला लावून हसली. खरं सांगायचं तर तिला लई बरं वाटत होतं. आजवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि आज एक पदवीवाला तिच्या मागं वही घेऊन पळत होता.

उन्हं कलली तसा ऋतुराज मोबाईल बघत म्हणाला, "औषधी असं काही नाही इथं. शतावरी वगैरे या भागात नसतेच. ॲपवर दाखवत नाही."

"नसती?"

"नाही, आजी. शास्त्रीय माहिती आहे ही."

सारजाबाईचं डोकंच फिरलं. "उंटावरच्या शहाण्या, इकडं ये!" तिनं त्याला ओढतच उतारावर नेलं आणि काठीनं काटे बाजूला सारले. पोरगा आ वासून बघत राहिला. त्यानं फोटो काढले, जागेचा नकाशा टिपला. "आजी, तुमचं नाव टाकू?"

"टाक की! मोठ्या अक्षरात टाक!"

घरी सून भागूबाईनं विचारलं, "आत्याबाई, ती जागा तर नाय ना दावली त्याला?"

"दावली. त्या येड्याला उद्या सोताचं घर घावायचं नाय, ही जागा काय घावती!"

वही मंजूर झाली. जिल्ह्यात त्या वहीचं कौतुक झालं, आणि ती सगळ्यांना बघायला इंटरनेटवर टाकली.

दिवाळी झाली, पहिली मेंढी व्याली, आणि तिला दूधच उतरंना. सारजाबाई काठी घेऊन उताराकडं निघाली. तिथं नुसते खड्डे होते. वेल मुळासकट उपटून वाळत टाकले होते आणि दोन माणसं पिकअपमध्ये गोण्या भरत होती.

"ए मेल्यांनो! कुणाला विचारून उकरलं रं?"

"वरडू नका मावशी, चोर नाय आमी," त्यातला एकजण म्हणाला. त्यानं खिशातनं छापील कागद काढला. त्यावर उताराचा फोटो होता, खाली नकाशा. "सगळं सरकारी वहीत हाय. हे बघा, माहिती देणारी, सारजाबाई. लई हुशार बाई दिसती. कुठं राहती ओ? आजून जागा ठावूक असतील तिला."

ऋतुराज येडा होता, पण त्या येडेपणाचा त्याला पगार तरी मिळाला. हिनं फुकटात मिरवून घेतलं होतं. तिला त्या माणसांपेक्षा सोताचीच किळस आली.

"लांब राहती," ती म्हणाली. "आन हुशार कसली? एक नंबरची अक्कलशून्य बाई हाय ती."

पिकअप गेली. सारजाबाई खड्ड्यात बसून अंधार पडेपर्यंत हातानं माती उकरत राहिली. बोटभर मुळी घावली नाय, आणि खाली मेंढरांच्या वाडग्यात कोकरू वरडत होतं.